मोरीच्या कोकराचं जावळ

आपण दुपारी झोपत नाही, असं चतुराबाई सगळ्या ढाकणवाडीला सांगते. झोपते रोज. जेवणं उरकली की ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसते, आडवा धागा टाकायचा धोटा मांडीवर घेते, आणि मग तिची मान हळूहळू खाली जाते. कुणी दारात आलंच तर म्हणायला बरं, तुटलेला धागा शोधत होते. नवरा होता तेव्हा तोही हेच म्हणायचा. गावानं दोघांनाही वर्षानुवर्षं धागा शोधू दिला.

आज चैत्रातली दुपार आहे. पत्रा तापून मधूनच टक् वाजतो. लेक रोहिणी औषध आणायला म्हसवडला गेली आहे. तिची साडेतीन महिन्यांची पोर माग आणि भिंत यांच्यामधल्या झोळीत झोपली आहे. सातव्या महिन्यात झालेली. पाळण्यातलं नाव प्रांजल, पण सगळे बारकी म्हणतात, आणि सध्या तेच बरोबर आहे. बारकीच्या अंगाभोवती दीड हाताचं काळं घोंगडं आहे, इतकं मऊ की आलेली प्रत्येक बाई आधी घोंगडं चाचपते आणि मग पोर बघते.

"दुकानातलं का गं, चतुराबाय?"

"न्हाई. उरल्यासुरल्याचं."

चतुराबाईची एक खोड आहे. ती माणसं लोकरीवरून लक्षात ठेवते. सणगराच्या घरात चाळीस वर्षं घोंगड्या विणल्यावर दुसरं काही लक्षात राहत नसावं. अमका मेंढरं न धुताच कातरतो. तमका वजनाला वाळू घालतो आणि वर देवाची शपथ खातो. तमक्याची बायको काळ्यात पांढरं लपवते, पण वाटोळ्या तोंडानं हसते म्हणून तिला थोडी सूट. प्रत्येकाचं एक पान तिच्या डोक्यात आहे. त्यातलं धुळाबापू कोळेकराचं पान सगळ्यांत स्वच्छ. धुतलेली, काळी म्हणजे काळी, कुसळ नाही, वाळूचा कण नाही.

तिचं स्वतःचंही पान आहे. त्यावर एका जागी बोट ठेवून ती पुढं उलटते.

पापण्या जड होतात. धोटा मांडीवरून घसरतो. तो खड्ड्यात पडल्याचा आवाज येईल म्हणून ती थांबते. आवाज येत नाही. वास येतो, ओल्या मेंढरांचा.

"सापडला का धागा, वैनी?"

खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर धुळाबापू बसला आहे. उकिडवा, काठी मांडीवर आडवी, डोक्यावरून घोंगडीची खोळ. माघात तो गेला. कोळेकरांच्यात पुरतात. त्याच्याच मेंढरांच्या आठ हाती घोंगडीत गुंडाळून त्याला माळावर मातीत ठेवलं, ते चतुराबाईनं बांधावर उभं राहून पाहिलंय. घोंगडी तिनंच विणलेली. आत्ता त्याच्या डोक्यावर आहे तीच.

"झोपले नव्हते," ती म्हणते.

"म्या कुठं म्हनलं."

दारी आलेल्याला विचारायचं ते ती विचारते. "च्या ठेवू?"

"नगं. तोंडात माती हाय." तो हे असं सांगतो, जसं कुणी आज उपास आहे म्हणून सांगावं. मग डाव्या हातानं उजवा खांदा चोळतो. "ह्या अंगाला गार लागतंय गं."

"चैत्रात?"

"आमच्याकडं चैत न्हाई."

"खळ कमी बसली असंल. त्या बारीला चिंचोकं जुनं हुतं." बोलताना आपला आवाज बारीक झालाय हे तिच्या ध्यानात येतं. "माप तर बरूबर हाय. आठ हात. तुमच्यासमोर मोजलं."

"मापाचं कोन काय म्हनतंय."

तो खांदा चोळत राहतो, आणि चतुराबाईच्या डोक्यातलं ते पान आपोआप उघडतं.

कार्तिकात तो जावळ घेऊन आला होता. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, सहाव्या महिन्यात एकदाच कातरायची. पुढं जन्मभर कातरा, तसली परत येत नाही. अकरा कोकरांचं एक गाठोडं, आणि धोतराच्या चिंधीत बांधलेली एक वेगळी पुरचुंडी. "ही मोरीच्या कोकराची," तो म्हणाला होता. "माझी घोंगडी घाल. शेवटची हाय, चांगली घाल. आन ही उजव्या खांद्याला घाल. ज्या दिशी झालं त्या दिशी ह्या खांद्यावरनं आनलंय त्याला, भर पावसात." मोरी ही त्याची लाडकी मेंढी. दसऱ्याला कुणाच्या कोवळ्या ज्वारीत शिरली आणि फुगून मेली. मागं राहिलेलं कोकरू मुलानं, मायाप्पानं, बाजार दाखवून विकलं. उरली ती पुरचुंडी.

आणि मार्गशीर्षात रोहिणी वेळेआधी बाळंत झाली. पोर एवढीशी. पंचवीस दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. घरी सोडताना डॉक्टरीण एकच गोष्ट तीनदा बोलली होती, हिची ऊब तुटू देऊ नका. चतुराबाईनं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण हातानं चाचपलं. सगळं टोचत होतं. मग तिनं ती पुरचुंडी सोडली. दोन दिवसांत दीड हात विणलं.

बापूच्या उजव्या खांद्याला भरायला खुंटीवर एक पिशवी होती. तीही मोरीचीच. मेंढी पुरण्याआधी धुळाबापूच्या सुनेनं, सगुणानं, गुपचूप कातरून आणून दिली होती. वाया कशाला घालवायची, म्हणाली होती. मेल्या मेंढीची लोकर सणगर मागावर घेत नाही. घेतली तर सांगत नाही.

घोंगडी न्यायला आला तेव्हा धुळाबापूनं ती अंगावर टाकली आणि उजव्या खांद्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग काहीच न बोलता गेला. तो बराच वेळ अजून चतुराबाईच्या घरात आहे.

"पानी आलं बघ," धुळाबापू म्हणतो.

खड्ड्यात पाणी आलं आहे. घोट्याला लागतं, मग गुडघ्याला. माग कुठं दिसत नाही. ओढ्याचा डोह आहे, कातरणीआधी मेंढरं धुवायची जागा, आणि चतुराबाई कासोटा खोचून पाण्यात उभी आहे. धुळाबापू कमरेइतक्या पाण्यात एकेक मेंढरू बुडवून पलीकडं ढकलतो. काळी, सगळी काळी. मायाप्पानं विकून टाकलेलीही त्यात आहेत. काळ्यांना आता गिऱ्हाईक नाही, म्हणून त्यानं उंच पायांची पांढरी मेंढरं आणलीत, मटणाची, अंगावर लोकर नावाला. पण इथं अजून सगळा जुना कळप आहे. धुळाबापू विसाविसानं मोजतो.

"एक इसा. दोन इसा. दोन इसा न एकुनीस."

तो थांबतो. पाणीही थांबतं.

"मोरी कुठाय?" चतुराबाई विचारून बसते. विचारायचं नव्हतं.

"तेच की. ऱ्हात न्हाई माझ्यापाशी. ह्या खांद्याला येती, वास घेती, घटकाभर टेकती आन उठून जाती." तो तिच्याकडं बघतो. डोळे तेच आहेत, मिस्कील, फक्त पापण्या हलत नाहीत. "का जात असंल, वैनी?"

"मेंढराच्या मनातलं मला काय ठावं. सणगरीन मी."

"बरं." तो डोक्यावरची घोंगडी काढतो आणि झटकून पाण्यावर अंथरतो. ती बुडत नाही. "बस हिच्यावर. मग बोल."

लग्नाची बोलणी असोत, भावकीचा तंटा असो, लोक घोंगडीवर बसूनच तोडतात. तिच्यावर बसल्यावर खोटं बोलायचं नाही, एवढं ढाकणवाडीतल्या वाळू घालणाऱ्यालाही कळतं. चतुराबाई बसते. खाली पाणी हळू श्वास घेतंय.

"पुरचुंडी म्या ठेवून घेतली," ती म्हणते. "पोरीसाठी. ती जगत नव्हती, बापू."

"किती हुती?"

"दीड मूठ."

"दोन."

"दीड. माझ्या हातानं मोजली."

"बरं, दीड. आन माझ्या खांद्याला?"

"मोरीचीच घातली. सगुणानं दिलेली."

धुळाबापू हसतो. जिवंतपणी तो असा हसला की समोरच्याला आपली फसवणूक उघडी पडलीय हे कळायचं. "मला हातात घेतली तवाच कळलं. मोरीला अंगठ्यानं वळखतो म्या. म्हनलं, वैनीनं कोकराऐवजी आई घातली. असू दे. जाताना सोबत झाली."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"बोललो असतो तर तू काडून दिलं असतंस. आन मला पोरीचं कळलं हुतं की." तो पाण्यात हात धुतो. बोटं काळी आहेत, ती धुतली जात नाहीत. "गार लागतंय ते सोसंन. त्यापायी न्हाई आलो. मोरी लेकरू हुडकतीया, वैनी. तिला वास लागलाय."

हे ऐकून चतुराबाई उठते आणि तिच्या पायाखाली फरशी लागते. पांढरी, गुळगुळीत. तालुक्याच्या दवाखान्याचा लांबच लांब बोळ. मेंढरं फरशीवरून चालली आहेत आणि त्यांच्या खुरांचा आवाज पाऊस पत्र्यावर पडावा तसा होतो. भिंतीशी काचेच्या पेट्या ओळीनं मांडल्यात, निळा उजेड, प्रत्येकीत एक काळं कोकरू झोपलेलं, नाकाला नळी. धुळाबापू काठी टेकत बाजूनं चालतो. प्रत्येक पेटीशी थांबून तो आत बघतो आणि पुढं सरकतो.

शेवटच्या पेटीशी एक नर्स वही घेऊन उभी आहे.

"आईचं नाव?"

"रोहिणी," चतुराबाई म्हणते.

"रोहिणी नाही लिहिलेलं." नर्स पानावर बोट फिरवते. "आई आल्याशिवाय बाळ सोडत नाही आम्ही. आणि आई आलेली आहे."

पेटीच्या काचेला नाक लावून मोरी उभी आहे. पोट फुगलेलं, मेली त्या दिवशी होतं तसं. तिच्या श्वासानं काच धुरकट होते, साफ होते, पुन्हा धुरकट होते. आत बारकी आहे, काळ्या घोंगड्यात गुंडाळलेली.

आता चतुराबाईला कळतं. मेंढपाळाची ही साधी युक्ती तिनं धुळाबापूलाच करताना पाहिली होती. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं कुठलं पोरकं असलं, की मेलेल्याची लोकर पोरक्याच्या अंगाला बांधायची. मेंढी तोंड बघत नाही. वास घेते, आपलं म्हणते आणि अंगाशी घेते. चतुराबाईनं स्वतःच्या हातानं विणून, काठ घालून, ती लोकर आपल्या नातीच्या अंगाला बांधली आहे.

"बापू, हाका तिला. तुमची मेंढी हाय."

"जित्ती हुती तवा माझी. दोन म्हैनं धरून ठिवली, हात भरून आलं. आज निसटली."

"काय करंल?"

"काय करनार. दूध पाजायला न्हेईल." तो हे मायेनंच सांगतो. "तिच्या मनात वाईट न्हाई, वैनी."

निळा उजेड उन्हाचा होतो. पेटी नाही, झोळी आहे. आपलं घर, आपला माग, तापलेला पत्रा. मोरी झोळीखाली उभी आहे आणि तिच्या श्वासानं झोळी हलते आहे. बारकी जागी आहे. रडत नाही. तोंड उघडझाप करत मेंढीच्या दिशेला मान वळवते. दवाखान्यातून आल्यापासून ती दूध ओढायला आळस करते, रोहिणी रोज रडकुंडीला येते. आत्ता मात्र ती हावऱ्यासारखे ओठ हलवते आहे.

चतुराबाई धोट्यानं मोरीला मारते. धोटा मेंढीच्या अंगातून जात नाही, लागतही नाही. ओल्या लोकरीत रुततो आणि परत येतो.

"दुसरं देते तिला," ती म्हणते. "घरातली चांगल्यातली घोंगडी देते. दहा हाती हाय."

"वासाचं काम हाय ते. हातानं मोजून भागत न्हाई." धुळाबापू उंबऱ्याशी उकिडवा बसला आहे. "तिचं तिला दे."

"पोर गारठंल. ह्याच्यावर जगलीया ती. आंघोळीपुरतं सोडलं तर एक घडी काडलं न्हाई म्या."

"तुझ्या अंगात ऊब न्हाई व्हय?"

"म्हातारी झाले मी."

"मी मेलोय," धुळाबापू म्हणतो. "कुनाला सांगतीस."

मोरीनं झोळीची कड दातात धरली आहे. दोरी आढ्याशी करकरते.

चतुराबाई झोळीत हात घालते. घोंगड्याच्या पहिल्या पदराखाली दुसरा आहे, दुसऱ्याखाली तिसरा, दीड हाताचं कापड संपतच नाही, आणि प्रत्येक पदर सोडताना आतली पोर आणखी लहान होते. तळहाताएवढी. ओंजळीएवढी. मग एकदम घोंगडं सुटतं आणि बारकी उघडी पडते. निळसर, गार, नदीतल्या गोट्यासारखी. चतुराबाई चोळीची गाठ सोडते, तिला उराशी घेते, वरून पदर ओढते. कातडीला कातडी लागते तशी ती शहारते. दोघींत गार कोण हे काही वेळ कळत नाही.

घोंगडं ती उंबऱ्यावर ठेवते.

मोरी येते. आधी हुंगते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग चाटायला लागते. घशातून असा आवाज काढते जो मेंढी फक्त नुकत्या झालेल्या पिलाला काढते, खालच्या सुरात, जणू आत काही उकळतंय. चाटते, थांबून कानोसा घेते, चाटते. चतुराबाईनं चाळीस वर्षं लोकर हाताळली, पण कुणी लोकरीशी बोलताना पाहिलं नव्हतं.

"चाटू दे," धुळाबापू म्हणतो. "पोट भरलं की येईल माझ्यामागनं."

"आन तुमचा खांदा?"

"त्याचं काय."

"विनून देते, बापू. दुसरं जावळ आणून, आठ हात."

"कुठनं आनशील? मायाप्पाच्या पांढऱ्यातनं?" तो हसतो, पण या वेळी हसू अर्ध्यावर राहतं. "काळं कोकरू ह्या माळावर आता हुनार न्हाई, वैनी. ऱ्हाऊ दे. तेवढं तुझ्या पानावर ऱ्हाऊ दे."

तिनं हे पानाचं कधी कुणाला सांगितलेलं नाही.

तो उठतो. गुडघ्यांतून हाडांचा नाही, मातीची ढेकळं फुटावीत तसा आवाज येतो. दाराबाहेर ऊन नाही, कळप आहे, काळा, पार क्षितिजापर्यंत. तो काठीनं मोजत निघतो आणि मोरी घोंगड्यावरून मान वर करते. एकदा चतुराबाईच्या पदराकडं बघते, जिथं काहीतरी हलतंय. बघत राहते. चतुराबाई पदर आणखी ओढून घेते.

"मोरे," लांबून हाक येते. "ए बाय, चल."

"दोन इसा न एकुनीस," तो मोजतो. आणि मग बराच वेळ पुढचा आकडा येत नाही.

धोटा खड्ड्यात पडल्याचा आवाज होतो.

चतुराबाई डोळे उघडते. धोटा पायाशी आहे, अजून जरासा डोलतोय. झोळी रिकामी. बारकी तिच्या पदराखाली, उराशी, झोपलेली. मानेला घाम सुटलाय, तोंड उघडं. तिला झोळीतून कधी काढलं ते चतुराबाईला आठवत नाही. उठल्याचंही आठवत नाही. ती पोरीच्या नाकाखाली बोट धरते. एकदा, आणि खात्रीसाठी परत एकदा.

दारात रोहिणी उभी आहे, हातात औषधाची पिशवी. "धागा शोधत होतीस व्हय?"

रोहिणी चप्पल काढायला वाकते आणि उंबऱ्यावरून काहीतरी उचलते. "आई, हे हितं पायात का टाकलंस? आन केवढं ओलं झालंय."

"बारकीची लाळ असंल."

"एवढी?" रोहिणी घोंगडं उलटसुलट करते. मग ते झोळीत अंथरायला निघते.

"नगं. हिकडं आन."

"मग हिला कशात गुंडाळायचं?"

"मी धरते."

रोहिणी आईचं तोंड बघते आणि पिशवी ठेवायला आत जाते. चतुराबाई एका हातानं पोर सावरते आणि दुसऱ्या हातानं घोंगडं मांडीवर घेते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्याची लव एकाच दिशेला बसली आहे, चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांत, एकीला लागून दुसरी, कुठंही जागा न सोडता.

ती उजव्या कडेवर अंगठा ठेवते आणि फिरवते. बराच वेळ फिरवते. ओल अजून कोमट आहे.